सतरा नंबरच्या फॉर्मआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मामाने सांगितलं ते ऐकलं आणि तुझा मेसेजही दोनदा वाचला. नववीला जायचं नाही, जूनपासून माझ्या वर्कशॉपला यायचं, लेथ मशीन शिकायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्यायची. फोनवर हा विषय निघाला की आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरवू.

शाळेत वेळ फुकट जातो असं तू लिहिलंस. तुझ्या वह्या मी बघतो, त्यामुळे ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावरून उतरवायची, घरी तीच सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायची, परीक्षेत तीच पाठ उतरवायची. विज्ञानाच्या वहीत बहिर्गोल भिंगाची आकृती इतकी सुबक आहे की बघत राहावं, पण ते भिंग तू कधी हातात धरलेलं नाहीस. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवी १००० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे आतापर्यंतचे तुझे निदान ७००० तास होतात. तेवढ्या तासांत मी एखाद्या पोराला लेथवरचा पक्का कारागीर, म्हणजे टर्नर, करून दाखवीन. तेव्हा या तासांचा हिशोब मागायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि तू तो मागतोस याचं मला बरंच वाटतं.

पण मेसेजात तू आणखी एक वाक्य लिहिलंस, ते मला टोचलं: "सक्तीचं शिक्षण म्हणजे मुलांवर जबरदस्ती." तू कोल्हापूरचा पोरगा आहेस, हे वाक्य तुझ्या बोटांतून यायला नको होतं. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा दंड कुणाला लावला होता, माहीत आहे? बापाला. पोर शाळेत धाडलं नाही तर महिन्याला एक रुपया, आणि त्या काळी रुपया म्हणजे काय, ते आजीला विचार. महाराज पोराच्या मागे लागलेच नव्हते. पोराला गुरांमागे, बांधावर, दुकानात जुंपणारी आम्ही मोठी माणसं होतो, आणि महाराजांनी हात धरला तो आमचा.

त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, हंटर आयोगापुढे, लेखी मागणी केली होती की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्यांच्या पोरांवर जातो, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्ती आणली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. स्वतंत्र भारताच्या घटनेत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण द्यायला दहा वर्षांची मुदत लिहिली होती, ती दहा वर्षंही गेली आणि पुढची कित्येक गेली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा कायदेशीर हक्क मिळाला तो १ एप्रिल २०१० ला. फुल्यांच्या मागणीपासून १२८ वर्षं मोज. एवढी वर्षं माणसं भांडली ती तुझा वेळ घेण्यासाठी नाही रे, तुझा वेळ आमच्यापासून वाचवण्यासाठी.

दिवाळीत मामाकडे होतास तेव्हा उसाच्या फडात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या होत्या. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, तू बघितल्यास. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली, ती फेडायला गळीत संपेपर्यंत घर सोडून राहायचं. तुझ्याएवढा एक पोरगा वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून त्याच्या पेंढ्या बांधत होता आणि त्याची धाकटी बहीण तान्ह्याला कडेवर घेऊन चूल पेटवत होती. गावाकडे त्या दोघांचं नाव हजेरीपटावर असेलही. हंगामी वसतिगृहं आहेत, काही ठिकाणी या पोरांसाठी कारखान्यापाशी साखरशाळाही निघाल्या, पण पोरं आईबापाच्या मागे फडावर येतातच. शाळेत वेळ वाया जातो का, हा प्रश्न त्या पोराला कुणी विचारलेला नाही. त्याच्या वेळेचं गिऱ्हाईक आधीच ठरलंय. तुझ्या वेळेला आठ वर्षं कुणी गिऱ्हाईक येऊ शकलं नाही, मीसुद्धा नाही.

आता तू चौदा पूर्ण केलीस, आठवी झाली, कायदा बाजूला झाला. तुला शाळेत धाडायचं कायद्याचं बंधन आता माझ्यावर नाही. उद्यमनगरात ओळखीचा प्रत्येक जण मला सांगतोय, "पोरगं हाताशी येतंय, घ्या की." आणि खरं सांगू? मला माणूस हवाच आहे. म्हणून तर जास्त जपून बोलतोय.

तुला वाटेल बाबा आता गणिताचा उपयोग सांगणार. सांगतो, पण माझा खरा मुद्दा तो नाही. परवा एक टेपरचा, म्हणजे निमुळता दांडा कातायचा, जॉब आला. एका टोकाला व्यास ५० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ४०, लांबी ६०. लेथचं हत्यार जिच्यावर बसतं ती कंपाउंड स्लाईड किती अंशात फिरवायची? दोन व्यासांतली वजाबाकी भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे १० भागिले १२०. तो झाला कोनाचा टॅन, आणि कोन येतो पावणेपाच अंशांच्या जरासा वर. तुझ्या नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती आहे, तिच्यातलंच हे. पण एवढ्यासाठी शाळेत जा असं मी कसं म्हणू? हे सूत्र मी तुला मशीनपाशी एका दुपारी शिकवीन, आणि तिथे ते जास्त पक्कं बसेल.

माझा मुद्दा असा की वर्कशॉप तुला वर्कशॉपला लागेल तेवढंच शिकवील. त्यात वर्कशॉपचा दोष नाही, जॉब वेळेत द्यायचा असतो. इथे आलेल्या पोराला चक आवळायला, टूल घासायला, व्हर्नियर वाचायला सगळे शिकवतात. पगाराची चिठ्ठी तपासायला कुणी शिकवत नाही. कुणाला ते सुचतही नाही, आणि काहींना ते सोयीचंही नसतं. मागे एका कारखान्यातला एक हेल्पर संध्याकाळी माझ्याकडे कागद घेऊन आला. प्रेसवर त्याची दोन बोटं गेली होती. कागद इंग्रजीत, खाली त्याची सही. "दादा, एवढं वाचून दाखवा." मी अडखळत वाचलं. सगळी भरपाई मिळाली, पुढे काही मागणं नाही, असं त्यात होतं. हातात आले होते ते दवाखान्याच्या बिलालाही पुरले नव्हते. हा माणूस फार हुशार, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखतो. शाळा मात्र सहावीत सुटली. नागरिकशास्त्र आणि इंग्रजी हे दोन्ही त्याला बिनकामाचे विषय वाटायचे.

चौदाव्या वर्षी आपल्याला काय लागणार हे कुणालाच कळत नाही. मलाही तुझ्याबद्दल ते कळत नाही. तुझ्या हातात कसब आहे हे मी बघतो. पण भूगोलाचं पुस्तक तू स्वतःहून पुढचं पुढचं वाचत बसतोस, तेही बघतो. यातलं कुठलं मोठं होईल? आत्ताच एक दार लावून टाकायची घाई मला करायची नाही. लेथ कुठे पळून जात नाही. आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्ट करायचं म्हटलं तरी दहावी लागते.

आता सतरा नंबर. परिस्थितीने ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी तो फॉर्म फार मोलाचा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. तुझी सुटलेली नाही. बाहेरून बसून दाखला मिळेल, पण वर्ग मिळणार नाही. तुझ्या बाकावर मुल्लांचा पोरगा बसतो, पुढे रिक्षावाल्याची मुलगी, मागे वकिलाचा मुलगा. वर्कशॉपमध्ये तुला सगळे माझ्यासारखेच भेटतील, माझ्याच वयाचे, माझ्याच बोलण्याचे. वयाच्या चौदाव्या वर्षी पन्नाशीच्या माणसांत दिवस काढू नये. पैसेवाल्यांची पोरं आता वेगळ्या शाळांत जातात आणि असे मिसळलेले वर्ग कमी होत चाललेत, याचं मला वाईट वाटतं. तुला मिळालाय, तर दोन वर्षं बस त्यात.

माझं मत सांगतो. दहावीपर्यंत शाळा करायची. दर रविवारी आणि सुट्टीत थोडा वेळ माझ्याबरोबर यायचं, आधी मोजमाप आणि ड्रॉईंग वाचणं, मशीनला हात नंतर. दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा, अकरावी, काय वाटेल ते. तेव्हा मी मधे पडणार नाही, आईलाही तसं सांगून ठेवलंय.

आणि तासांच्या हिशोबाचं. नुसतं उतरवून काढण्यात कोणत्या विषयाचे किती तास जातात, ते आठवून एका कागदावर लिहून आण. पालक सभेत तो कागद मी मुख्याध्यापकांपुढे ठेवणार आहे. शाळेच्या कपाटात प्रयोगाचं सामान आहे म्हणतात, ते बाहेर का निघत नाही हेही विचारणार. दोन-तीन पालकांशी बोललोय, ते बरोबर येतील. तू मागच्या बाकावर बसून कंटाळायचं आणि मी घरी बसून दाखल्याची वाट बघायची, असं आता चालायचं नाही.

बारा जूनपर्यंत ये. पुस्तकं घ्यायचीत, आणि दप्तराची चेन गेलीय ती शिवून घ्यायचीय. मामा-मामींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझा,
बाबा