मोटर उघडायच्या आधीच निकाल?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत त्या मलेशियाच्या हरवलेल्या विमानावर अख्खं पान छापलंय तुम्ही. आमच्या दुकानात चौघांनी वाचलं आणि पान संपायच्या आत दोघांनी निकालपण देऊन टाकला, पायलटनंच केलं. तुमचं हेडिंगच तसं होतं म्हणा, पुढं प्रश्नचिन्ह टाकलं की झालं.

माझं तासगावात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. द्राक्षबागायतदार जळालेली मोटर टेम्पोतून उतरवतानाच सांगतो, वीज पडली हो, नाहीतर मागच्या वेळी तुम्हीच तार हलकी घातली. मी म्हणतो आधी उघडू तर द्या. उघडल्यावर दोन फेजच्या कॉइल कोळशागत काळ्या आणि तिसऱ्या फेजच्या कोऱ्या करकरीत, म्हणजे वीजपण नाही आणि माझी तारपण नाही, विजेच्या तीन फेजपैकी एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली. मोटर स्वतःच सांगते सगळं, पण टेबलावर आली तर.

हे विमान ८ मार्च २०१४ ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं, २३९ माणसं, त्यातली ५ आपली भारतीय. ते टेबलावर आलंच नाही. जुलै २०१८ च्या चौकशी अहवालात सरळ लिहिलंय की कारण ठरवता येत नाही. विमान हातानं वळवलं असावं असं ते म्हणतात, पण कुणी वळवलं ते म्हणत नाहीत, तिसऱ्याच कुणाचा हात असेल ही शक्यतासुद्धा त्यांनी सोडलेली नाही. तुमच्या पानात हे कुठंच नाही.

आणि 'सॅटेलाइटनं शेवटपर्यंत पाहिलं' असं छापलंय तेपण चूक. पाहिलं कुणीच नाही. लष्करी रडारवरनं ते रात्री २:२२ ला नाहीसं झालं, त्यानंतर सकाळी ८:१९ पर्यंत साधारण तासातासानं सॅटेलाइटमार्फत विचारणा व्हायची आहेस का, आणि विमानातलं यंत्र म्हणायचं आहे, बास. उत्तराला किती वेळ लागला त्यावरून विमान सॅटेलाइटपासून किती लांब ते कळतं, कुठल्या बाजूला ते नाही, मळणीच्या खुंट्याला बांधलेला बैल गोलावर कुठंतरी आहे एवढंच. सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकावरून दक्षिणेला गेलं हे काढलं, त्या लोकांना मानलं पाहिजे. मग हिंदी महासागराचा १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ धुंडाळला, आपला सांगली जिल्हा १४ वेळा मावेल एवढा, आणि जानेवारी २०१७ मध्ये थांबले. पंखाचा एक तुकडा २०१५ ला पार आफ्रिकेकडच्या रियुनियन बेटावर वाहून आलेला मिळाला, नंतर आणखी काही तुकडे, बास.

आमच्याकडं बोअरमध्ये केबल तुटून मोटर पडली तर ६०० फुटातनं काढताना दोन दोन दिवस गळ टाकत बसतो, तेही जागा माहीत असताना!

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती तुमच्या पानात एका ओळीतसुद्धा नाही. उड्डाणाची नोंद ठेवणारे दोन ब्लॅक बॉक्स विमानात असतात, प्रत्येकाला पाण्यात टिक टिक आवाज करणारा बीकन असतो, तो तेव्हा महिनाभर चालायचा. या विमानाच्या एका बॉक्सच्या बीकनच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ लाच संपलेली होती! कॉम्प्युटरमधली नोंद नीट अपडेट केलेली नव्हती म्हणे. दुसऱ्याची मुदत शिल्लक होती हे खरं, आणि तेवढ्यानं विमान सापडलंच असतं असं मी म्हणत नाही. पण मी साध्या स्टार्टरच्या पेटीवर आतनं खडूनं तारीख टाकतो हो. नंतर बीकन ९० दिवस चालला पाहिजे असा नियम आला.

एअर फ्रान्सचं विमान २००९ ला अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली, तेव्हापण वीज पडली, बॉम्ब असेल, सगळं म्हणून झालं होतं. दोन वर्षांनी जवळजवळ १३ हजार फूट खोलातनं बॉक्स काढला आणि उघडला तर काय, वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ धरलेला, ऑटोपायलट सुटलेला आणि गोंधळात पायलटनं विमानाचं नाक वर ओढत ठेवलेलं. तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी निकाल दिले त्यांनी कुठं माफी छापल्याचं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा ती सॅटेलाइटची ओळ तेवढी दुरुस्त करून छापा. आणि रविवारी बेदाण्याच्या सौद्याचे भाव यायचे ते बंद झालेत, ती जागा या पानात गेली का तेपण एकदा बघा.

आपला एक जुना वाचक,
तासगाव, जि. सांगली