धिंगाणा पोरांचा, गल्ला कुणाचा?

संपादक साहेब,
रविवारच्या पुरवणीत ब्लर या ब्रिटिश बँडच्या 'गर्ल्स अँड बॉइज' गाण्यावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखकाने सगळा राग सुट्टीत पिऊन धिंगाणा घालणाऱ्या ब्रिटिश पोरापोरींवर काढलाय आणि गाणं म्हणजे जणू त्यांची आरतीच. अहो आरती कुठली, बँडचा गायक डेमन अल्बर्न मागालुफला, म्हणजे स्पेनमधल्या समुद्रकाठच्या गावात, सुट्टीला गेलेला, तिथं जे बघितलं ते लिहिलं, ना चिडून ना कौतुकाने, आणि खरं सांगू का, बघताना त्यालाही मजा येत असणार असं मला तरी वाटतं.

कोरस ऐका एकदा नीट. कोण मुलगा, कोण मुलगी, कोणाला कोण आवडतंय, दोन ओळीत असा गुंता होतो की सोडवायचा नादच सोडावा, आणि खाली तो डिस्कोचा ठोका एखाद्या मशीनसारखा, ना दमतो ना थांबतो, वरून बँडमधल्या ॲलेक्स जेम्सचा बेस गिटार नुसता उड्या मारतोय. आपला पाय हलायला लागतो आणि मग कळतं की अरे, आपणपण त्याच गर्दीत! मार्च १९९४ मध्ये आलं, ब्रिटनच्या चार्टवर ५ नंबरपर्यंत गेलं, म्हणजे ज्यांच्यावर गाणं तेच नाचले (हे मला अजून भारी वाटतं). व्हिडिओत दिग्दर्शक केविन गॉडलीने बँडच्या मागे पॅकेज टूरवाल्यांचीच दृश्यं लावलीत, लपवाछपवी काही नाहीच.

पण पॅकेज म्हटलं की विकणारा आला ना? स्वस्तात विमान, हॉटेल, खास १८ ते ३० वयासाठी क्लब १८-३० सारखी कंपनी, तिच्या त्या चावट जाहिराती, त्यावर लेखात एक ओळ नाही. ती कंपनी २०१८ पर्यंत चालू होती. मागालुफ ज्यांच्यात येतं त्या बालेआरिक बेटांच्या सरकारने मात्र २०२० मध्ये बरोबर तिथंच बोट ठेवलं, मागालुफच्या त्या भागात हॅपी अवर (ठरावीक वेळी स्वस्त दारू) बंद, पब क्रॉल (एकामागून एक बार फिरत पिणं) बंद, ऑल इन्क्लुझिव्ह (खाणंपिणं भाड्यातच धरलेल्या) हॉटेलात दिवसाला ६ च ड्रिंक, तेही जेवणासोबत. बाल्कनीतून उड्या मारणाऱ्यांना दंड आहेच, पण उड्या मारू देणारं हॉटेलही सुटत नाही.

आणि हो, लेखात लिहिलंय तसं मागालुफ इबिझा बेटावर नाही, मायोर्का बेटावर आहे. तेवढं पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा.

आपला,
एक जुना वाचक