पार्ट नंतर बदला, आधी ‘मिसिंग’ शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या पुरवणीत आपण नव्या मालवाहू गाड्यांना दोन पानं दिलीत. कर्ज, मायलेज, किती किलो माल बसतो, सगळं होतं. पण वाशीहून लालबाग-परळच्या पोळीभाजी केंद्रांना भाजी पोचवणारे माझ्यासारखे बरेच जण जुनीच गाडी घेतात. जुनी गाडी घेताना माणूस टायर बघतो, पत्र्यावर टिचकी मारतो, हौद्याखाली वाकून गंज बघतो. इंजिनाचं म्हणाल तर एकदा चालू करून ‘आवाज एकदम मस्त आहे’ म्हणतो. मीही तेच म्हणालो. त्या मस्त आवाजाची किंमत पुढे सांगतो.

मार्चमध्ये मी सीएनजीची पिकअप घेतली. इंजिन चार सिलिंडरचं, ९४ हजार किलोमीटर पळालेली, ३ लाख ४० हजारांना. फिटनेस चालू, पीयूसी चालू, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडी नावावर झाली. आठच दिवसांत वाशी खाडीपुलाच्या चढावर, मागे सहाशे किलो माल असताना तिनं झटके द्यायला सुरुवात केली. सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगवरचा हात कोपरापर्यंत थरथरायचा. रेस दिली की बरी वाटायची. आमच्याकडे याला गाडी ‘मिसिंग मारते’ म्हणतात. चारपैकी एका सिलिंडरात भडका नीट होत नाही आणि त्याचं ओझं उरलेल्या तिघांवर पडतं. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, पुलावर तर लुकलुकायला लागला.

लुकलुकता दिवा म्हणजे गाडी दामटू नका, हे मला फार उशिरा कळलं. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या बाजूला जातं, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. मी पंधरा दिवस तशीच दामटली. पहाटे तीनला मार्केटला निघायचं असतं, गिऱ्हाईक दिव्याचं कारण ऐकून घेत नाही.

पहिल्या गॅरेजनं चारही प्लग बदलले. दोन दिवस फरक वाटला, बहुधा मलाच. दुसऱ्यानं इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, ‘तीन नंबरचा एरर आहे’ म्हणाला आणि प्लगला करंट देणाऱ्या कॉइल मात्र चारही नव्या टाकल्या. तिसऱ्यानं गॅसचे इंजेक्टर साफ केले, फिल्टर बदलला आणि जाता जाता ‘किटच जुनं झालंय, बघा’ असं पिल्लू सोडून दिलं. तिघांचे मिळून १९ हजार ६०० रुपये. मिसिंग जागच्या जागी. नावं देत नाही, कारण तिघांतला एकही लबाड नव्हता. ‘हे बदलून बघू’ एवढीच त्यांची पद्धत होती, आणि बघण्याचे पैसे माझे होते.

शेवटी मार्केटातल्या एका हमालानं घाटकोपरच्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. बेस्टच्या आगारातून निवृत्त झालेले, सीएनजी बसवर वर्षं काढलेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “कॉइल किती बदलल्या?”

“चार.”

“बदलल्या कशाला? अदलाबदल करायच्या होत्या की.”

आणि तेच केलं. स्कॅनरवर कोड होता पी ०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा. तीन नंबरची कॉइल त्यांनी एक नंबरला लावली, तीनचा प्लग दोनमध्ये घातला, कोड पुसला आणि मला भरधाव एक फेरी मारायला लावली. दोष कॉइलचा असता तर कोड पी ०३०१ झाला असता, प्लगचा असता तर पी ०३०२. परत आलो तर तीनच. म्हणजे कॉइल आणि प्लग दोन्ही सुटले, खर्च शून्य. मग गाडी पेट्रोलवर टाकली. पेट्रोलवरही तोच सिलिंडर मार खात होता, म्हणजे बिचारं गॅस किटही सुटलं.

आता सिलिंडरातला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज. प्लगच्या भोकात बसवून सेल्फ मारायचा आणि काटा बघायचा. १७०, १६५, ८०, १७०. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मारला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून काटा चढला असता. तो ८५ ला अडकला. “व्हॉल्व्ह बसत नाही,” मिस्त्री म्हणाले. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची झडप. वरचं कव्हर काढून फट मोजायच्या फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला दाबणाऱ्या टॅपेटखाली सरकवायला गेले, ती शिरेना. सीएनजी कोरडी जळते, तिच्यात व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप संपतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि गरम गॅस त्याच फटीतून निसटतो. गॅप वाढला तर टकटक ऐकू येते. गॅप संपला की इंजिन गप्प होतं. मला आवडला होता तो हाच आवाज!

हे सगळं पाऊण तासात. हेड उतरवलं तेव्हा व्हॉल्व्हची कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी निघाली. हेडच्या कामाचे ११ हजार ५०० गेले. वेळेवर टॅपेट सेट केले असते तर सर्व्हिसिंगच्या खर्चात भागलं असतं.

एक आठवण मात्र डाचते. गाडी बघायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती आणि स्टिरिओवरचं घड्याळ १२ वाजून ७ मिनिटं दाखवत होतं. बॅटरीची तार काढली की बऱ्याच गाड्यांत कोड पुसले जातात, दिवा विझतो आणि घड्याळ बाराला येतं. विकणाऱ्यानं तेच केलं असं म्हणत नाही, बॅटरी नवीही असेल. पण स्कॅनर लावला असता तर कळलं असतं. कोड नुकते पुसलेले असले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात.

परिवहन खात्याला माझी विनंती आहे. मालवाहू गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना इतके कागद लागतात, त्यात स्कॅनरचा एक छापील कागद घ्या. किती कोड आहेत, शेवटचे कधी पुसले, एवढंच. माझ्या फिटनेस आणि पीयूसीवर या दोषाबद्दल अक्षर नव्हतं.

आणि गॅरेजवाल्यांनो, पार्ट बदला, मजुरी घ्या, पण कोणती चाचणी करून तो बदलला ही एक ओळ बिलावर लिहीत जा आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. माझ्या चार जुन्या कॉइल बहुतेक चांगल्याच होत्या. त्या कुठे गेल्या, मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

– एक टेम्पोमालक, काळाचौकी, मुंबई