आकडे नकोत, पेच टेबलावर आणा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॉम्प्युटर गेमवरून घरच्या घरी टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम कसा बेतावा, यावरचा आपल्या सुट्टी पुरवणीतला लेख वाचला. गेम मास्टर प्रसंग सांगतो, भिडू आपापल्या पात्राची चाल सांगतात आणि शंका असेल तिथे फासे बोलतात, ही ओळख लेखात चांगली करून दिली आहे. मात्र ‘गेममधले तक्ते जसेच्या तसे उतरवून घ्या आणि सुरू करा’ हा त्यातला सल्ला पाळला, तर पहिली चकमक संपायच्या आत मुले मोबाइल काढून बसतील.

‘फॉलआउट’चेच घ्या. १९९७ सालच्या मूळ गेममध्ये एक गोळी झाडली की नेमबाजीचे कौशल्य, अंतर, उजेड आणि समोरच्याचे चिलखत यांतून ती लागण्याची टक्केवारी निघते. लागली तर इजा मोजायची, तिच्यातून चिलखताचा ठरावीक आकडा वजा करायचा आणि उरलेल्यात पुन्हा टक्क्यांनी कपात करायची. समजा इजा ९ ची आहे. चामड्याच्या चिलखताने २ अडवले, उरले ७. त्यातले २५ टक्के गेले, राहिले सव्वापाच, म्हणजे ५. कॉम्प्युटरला याचे काहीच वाटत नाही. टेबलावर चार भिडू आणि सहा शत्रू असले आणि प्रत्येकाने दोन गोळ्या झाडल्या, तर एका फेरीत वीस हिशेब होतात. हिशेबाला एक मिनिट धरले तरी तीन फेऱ्यांत तास गेला, आणि त्या तासात चौघांनी फक्त वजाबाक्या केल्या.

खरे तर हा गेम मुळात टेबलाचाच. स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ‘गर्प्स’ या टेबलटॉप पद्धतीवर तो उभा राहणार होता. करार फिसकटला, म्हणून निर्मात्यांनी सात गुणांची ‘स्पेशल’ ही स्वतःची पद्धत बसवली. २०२१ मध्ये मोडिफियस या प्रकाशकाने त्याचा टेबलटॉप अवतार काढला, तेव्हा सात गुण ठेवले आणि टक्केवारी सोडून दिली. गुण ६ आणि कौशल्य ३ असेल, तर वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे. ९ किंवा त्याखाली पडलेला प्रत्येक फासा म्हणजे एक यश. किमान एक यश मिळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, आणि हे सगळे एका नजरेत कळते. चिलखताची वजाबाकी एकच. इजेसाठी सहा बाजूंचे खास फासे आहेत: १ ला १, २ ला २, ३ आणि ४ ला काही नाही, ५ किंवा ६ पडले तर १ आणि शिवाय त्या हत्याराचा खास परिणाम. मूठभर फासे एकदाच टाकले की इजाही कळली आणि हत्याराचा स्वभावही दिसला. ‘ड्रॅगन एज’च्या टेबलटॉप आवृत्तीत ग्रीन रोनिनने असेच केले. सहा बाजूंचे तीन फासे, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. चाल यशस्वी झाली आणि कोणतेही दोन फासे सारखे पडले, तर रंगीत फाशावर जितके तितके गुण करामतींसाठी मिळतात. तीन फाशांत जोडी पडण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे पडद्यावरचा झगमगाट टेबलावर वरचेवर येत राहतो.

म्हणून घरी बेत करताना आधी तक्ते बाजूला ठेवावेत. तासभर गेम खेळावा आणि खेळणारा कुठे थबकला एवढेच टिपावे. गोळ्या तीनच उरल्यात, आता वापरू की पुढे? पहारेकरी वळायची वाट पाहू की धावू? असे चार-पाच पेच सापडले की गेमचा गाभा हाती आला. तेवढ्यांसाठीच नियम करावेत.

फाशांसाठी ल्युडोच्या डब्यातले दोन पुरतात. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ ला काम होते पण काही किंमत देऊन, ६ किंवा खाली आली तर संकट. गेममधली शंभरपैकीची कौशल्ये अशी बसवता येतात: २० पर्यंत उणे १, ५० पर्यंत शून्य, ७५ पर्यंत अधिक १, त्यावर अधिक २. हा आकडा फाशांच्या बेरजेत मिळवायचा. शून्यावर ७ किंवा अधिक येण्याची शक्यता ५८ टक्के, अधिक २ वर ८३. बक्षीस म्हणून अधिक ३ द्यायला हरकत नाही, पण तिथेच थांबावे. अधिक ४ ला ही शक्यता ९७ टक्क्यांवर जाते, मग फासे टाकायचे तरी कशाला?

जीवाचे आकडेही तसेच उतरवू नयेत. पात्राला ४० हिट पॉइंट आहेत आणि शत्रूचा फटका साधारण ८ चा आहे, तर उतरवायची गोष्ट ‘पाच फटके’ ही. कागदावर पाच चौकोन काढा, प्रत्येक फटक्याला एक खोडा. किरकोळ शत्रू एका फटक्यात, त्यांचा म्होरक्या चार-पाच फटक्यांत. सामानाचे किलो मोजण्याऐवजी दहा खणांची यादी करावी. गोळ्याही एकेक मोजू नयेत: साठ्याला तीन खुणा द्याव्यात, चकमक संपली की एक फासा टाकावा, १ किंवा २ आला तर एक खूण खोडावी. साठा सरासरी नऊ चकमकी टिकतो. गोळ्यांची चणचण हाच गेमचा जीव असेल, तर फासा चकमकीगणिक न टाकता प्रत्येक फेरीनंतर टाकावा.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही आणि जिथे बहुतेक प्रयत्न फसतात, ती बाब म्हणजे सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे जतन करून ठेवण्याची सोय. कॉम्प्युटरवर मेलो तर मागचा सेव्ह उघडतो, त्यामुळे गेम बनवणारे बिनदिक्कत जीवघेण्या चकमकी पेरतात. टेबलावर हे कवच नाही. प्रत्येक चकमकीतून वाचण्याची शक्यता ९० टक्के ठेवली तरी दहा चकमकींनंतर पात्र जिवंत असण्याची शक्यता ३५ टक्केच उरते. सेव्हची सोय टेबलावर आणली, तर फाशाला अर्थ राहत नाही. शत्रू दुबळे केले, तर धाक जातो. त्यामुळे हरण्याचा अर्थ बदलावा: शेवटचा चौकोन खोडला की पात्र कैद होते, हत्यार गमावते किंवा शत्रूचा बेत एक पाऊल पुढे सरकतो. मरण मात्र भिडूने जाणूनबुजून पत्करले तरच.

एकट्या नायकाचा गेम असेल तर त्याची कौशल्ये चार पात्रांत वाटावीत, नाहीतर एकटा लढतो आणि तिघे चिवडा खात बसतात. गेममधले संवाद पाठ करून घेऊ नयेत. प्रत्येक व्यक्तीला काय हवे, कशाची भीती आहे आणि ती काय लपवते, या तीन ओळी गेम मास्टरजवळ असल्या की भिडूने काहीही विचारले तरी उत्तर सुचते. उंदीर मारून लेव्हल वाढवणे टेबलावर फार कंटाळवाणे होते. दर दोन बैठकींना एक लेव्हल द्यावी. मूळ गेम खेळलेले भिडू असतील तर जग तेच ठेवून गाव आणि काळ बदलावा. नकाशा आधी छापून पसरू नये, भिडू जातील तसतसा आलेख वहीवर काढत जावा. बोटांच्या चपळाईवरचे गेम मात्र नवख्यांनी घेऊ नयेत. घ्यायचेच असतील तर चपळाई सोडून तिच्यामागची भीती उचलावी. लपतछपत जाण्याच्या गेमला पहारेकरी किती सावध झालेत हे दाखवणारी सहा चौकोनांची पट्टी पुरते.

घरी खेळायला कोणाची आडकाठी नाही, पण मूळ नावे आणि चित्रे वापरून पुस्तिका विकायची झाली तर हक्कधारकाची परवानगी लागते.

शेवटी, लेखातल्या चौकटीविषयी. शंभरपर्यंतचा आकडा काढायला दहा बाजूंचे फासे नसतील तर ० ते ९ च्या चिठ्ठ्या वापरा, हे बरोबर आहे. पण ‘एका डब्यातून दोन चिठ्ठ्या काढा’ हे चुकीचे आहे. पहिली चिठ्ठी परत न टाकता दुसरी काढली, तर ००, ११, २२ पासून ९९ पर्यंतचे दहा आकडे कधीच येणार नाहीत. पहिली चिठ्ठी परत टाकून डबा हलवावा, किंवा दोन डबे ठेवावेत.

आपला,
एक गेम मास्टर, पुणे