टाळ्या कोणाला जास्त पडल्या

धरमपेठ, नागपूर

चि. चिन्मयास अनेक आशीर्वाद.

घसा कसा आहे? काल फोनवर तुझा आवाज ओळखूच आला नाही. बाबा म्हणाले, दुसऱ्याच कुणी उचलला. अंगात १०२ ताप, त्यात गोळ्या घेऊन नाटकाच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीला उभा राहिलास आणि वर मला म्हणालास, ‘तरी टाळ्या मलाच जास्त.’ सुमेध ग्रुप सोडून गेला, हे मात्र फोन ठेवता ठेवता सांगितलंस. का गेला, ते व्हिडिओ बघितल्यावर कळलं.

आधी चांगलं सांगते. म्हाताऱ्याचं काम तू फार सुंदर केलंस. बशी तोंडाशी नेताना डावा हात हनुवटीखाली धरलास, तिथे मला अण्णाच दिसले. काकू तर उठून आत गेली. तुझ्यात ते आहे रे, यात मला शंका नाही.

पण सुमेध आत आला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तू खोकल्याची उबळ काढलीस. लोक हसले, टाळी पडली, त्याचं वाक्य त्यात बुडालं. पुढच्या प्रवेशात पुन्हा तेच. तो पोरगा तोंड अर्धवट उघडं ठेवून तुझ्याकडे बघत उभा होता. ती खोकल्याची उबळ तालमीत नव्हती ना? आणि तापलेल्या घशाने मुद्दाम खोकायचं म्हणजे काय!

काल रात्री मला तुझा तो डॅफी डक आठवला. शाळेतून आलास की लूनी ट्यून्सची कार्टून लावायचास, ताटातला भात वाळून जायचा. बग्ज बनी ससा आणि डॅफी बदक एकाच रंगमंचावर काम करतात, तो १९५७ सालचा भाग तुझा सगळ्यात आवडता. पाटीवर सशाचं नाव केवढं मोठं आणि बदकाचं कोपऱ्यात बारीक. सशाने नुसता पाय हलवला तरी टाळ्यांचा कडकडाट, बदक जीव तोडून नाचलं तरी सामसूम. मग ते सशाच्या वाद्यात स्फोटकं लपवतं आणि शेवटी स्वतःच त्यात उडतं. तरी थांबत नाही. पेट्रोल पितं, बंदुकीची दारू गिळतं, युरेनियम गिळतं आणि वर पेटती काडी. तेव्हा कुठे लोक टाळ्या वाजवतात. ससा म्हणतो, त्यांना अजून हवंय, आणि बदकाचं भूत वर जाता जाता सांगतं, हे एकदाच करता येतं. तू हसून लोळायचास, मीही हसायचे.

आता ते पेट्रोल पिणं डोळ्यांसमोरून जात नाही. तूच तेव्हा सांगितलं होतंस की १९३७ साली डॅफी पहिल्यांदा आला तेव्हा असा नव्हताच. नुसता वेडा, आनंदाने ओरडत पाण्यावर उड्या मारणारा. पुढे सशाच्या जोडीला उभा केला आणि तो जळका झाला. बदक तेच. शेजारी कोणाला टाळ्या पडायला लागल्या की त्याला आपलं काम दिसेनासं व्हायचं, फक्त समोरच्याचं दिसायचं. तू घरी एकटा आरशासमोर नकला करायचास, तेव्हा असा कुठे होतास?

झालं, परत भाषण सुरू झालं माझं. रागावू नकोस. मला तुला एवढं बोलायचं नव्हतं.

तान्हा पोळा आठवतो? तू सहा वर्षांचा. सुमेधच्या लाकडी नंदीला पहिलं बक्षीस आणि तुझ्याला दुसरं. स्टीलचा डबा हातात घेईनास. तिथेच मैदानात बसून आपल्याच बैलाच्या शिंगांचं बेगड ओरबाडून काढलंस. सुमेधच्या बैलाला हात नाही लावलास, स्वतःच्याच. ते बेगड मी आणि अण्णांनी आदल्या रात्री बसून चिकटवलं होतं, पण त्याचं काही नाही. रात्री तोच बैल कुशीत घेऊन झोपलास. सकाळी गालावर शिंगाचा वळ.

सुमेधची आई मला गोकुळपेठ मार्केटमध्ये भेटते. परवा भेटली तेव्हा काही बोलली नाही, संत्र्यांचा भाव विचारून निघून गेली. तिला मी काय सांगावं, हे तूच सांग. त्याच्या खोलीवर जा. फोन नको, समोर जा. तो चिडेल, चिडू दे.

पुढची स्पर्धा महिन्यावर आली म्हणालास. जिंकलास तर मीच सगळ्या गल्लीत पेढे वाटेन, मला काय ते नकोय का? पण त्याआधी घशाच्या डॉक्टरांना दाखव. गोळ्या कुठल्या घेतल्यास त्याचा फोटो पाठव, बाबांना बघायचाय. थुंकीत रक्त आलं होतं का, खरं सांग. गुरुवारी आत्या पुण्याला येतेय, तिच्याजवळ ज्येष्ठमध दिलाय. तो चघळ, आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहून कळव. फोन करू नकोस, उगाच बोलावं लागेल.

तुझी,
आई