पंचांगाच्या चौकटीत भरतीची वेळही छापा

संपादक महोदय,

‘इतिहासातल्या कोणाशी निवांत गप्पा मारायला आवडेल?’ या आपल्या प्रश्नावर आलेली पत्रं वाचली. बहुतेकांनी राजे आणि संत निवडलेत. माझा माणूस वेगळा आहे: बीड नावाचा इंग्रज पाद्री. (बीड जिल्ह्याशी संबंध नाही!) सातव्या वर्षी त्याला मठात घातलं, पुढचं बहुतेक आयुष्य उत्तर इंग्लंडात, जॅरोच्या मठात वाचण्या-लिहिण्यात गेलं आणि ७३५ साली तो वारला. ७२५ साली त्याने कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रकरण चंद्र आणि समुद्र यांच्या मेळावर आहे.

त्याला मी मांडवी नदीतल्या आमच्या चोडण बेटावर, बांधातल्या मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळ बसवीन. माझे वडील खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीची, ही मानस सांभाळायचे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिची लाकडी दारं उघडतात, भरती चढू लागली की आपसूक मिटतात. जाळं लावायचं ते पाणी बाहेर पडताना, मग ते रात्री दोनला का असेना. वडिलांकडे घड्याळ नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा, ओठ हलायचे, आणि ते उठून कंदील घ्यायचे.

बीडच्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण बोटांवर मोजण्याचं आहे. एका हाताची चौदा पेरं आणि पाच नखं मिळून एकोणीस, म्हणून चंद्राचं एकोणीस वर्षांचं चक्र (तेवढ्या वर्षांनी अमावास्या-पौर्णिमा पुन्हा त्याच तारखांना येतात) तो एका हातावर मांडायचा. तेव्हा आमच्या गप्पा हात पुढे करूनच सुरू होतील. मी म्हणेन, ‘‘पाद्रीबाब, चंद्र रोज पाऊण तास मागे पडतो.’’ तो म्हणेल, ‘‘पाऊण तास आणि वर अडीच मिनिटं.’’ त्याच्या ग्रंथात हाच आकडा आहे.

‘‘अडीच मिनिटांनी काय बिघडतं?’’

‘‘एका दिवसात काही नाही. पंधरा दिवस मोज.’’

साडेसदतीस मिनिटं! पाऊणपटीने अमावास्येची भरती सव्वाअकराला येते. प्रत्यक्षात आमच्याकडे बाराच्या सुमाराला. तेव्हा कुठे वडिलांचं एक वाक्य मला उलगडलं: ‘‘एकादशी उलटली की अर्धा तास वर धर.’’ का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, शाळामास्तर असून.

५९ दिवसांत ११४ भरत्या, हा हिशेबही त्याचाच. त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. एकाच किनाऱ्यावर एका गावी पाणी चढत असतं तेव्हा दुसऱ्या गावी ते उतरत असतं, म्हणून ज्याने त्याने आपल्या ठिकाणचा हिशेब ठेवावा. हे ऐकून वडिलांनी त्याला घरी जेवायलाच नेलं असतं.

जेवताना मिरीचा विषय निघेलच. मरण जवळ आल्यावर बीडने आपली पेटी उघडून सोबत्यांना वाटलं ते काय? थोडी मिरी, रुमाल आणि धूप. त्या काळी युरोपात मिरी जायची ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून. आमच्या परसात माडावर चढलेला मिरीचा वेल आहे, तो त्याला दाखवायला मला फार आवडेल. मठात मिरी कशाला लागायची तेही विचारीन. माझा अंदाज औषधाला, बायकोचा अंदाज सुक्या मासळीला.

आता आपल्याकडे मागणं. पंचांगाच्या चौकटीत आपण तिथी देता, राहुकाळ देता, सूर्योदय देता. त्याखाली दोन ओळींत भरती-ओहोटीच्या वेळाही द्या. जाळंवाले, खाजनवाले, कालवं काढणाऱ्या बायका, सगळ्यांना लागतात. फक्त त्या कुठल्या ठिकाणच्या ते लिहा, नुसतं ‘गोवा’ नको. मांडवीच्या मुखाशी भरती पुरी झाली तरी आमच्या मानशीवर पाणी अजून चढतच असतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चोडण