मर्गट्रॉइड कॉर्नवॉलचे नाहीत हो!

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजांच्या चमत्कारिक आडनावांवर तुम्ही पानभर मजकूर छापलात. वाचायला मजा आली, नाही असं नाही, पण त्यात मर्गट्रॉइड हे आडनाव ज्या पद्धतीने चार ओळींत उरकलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. लेखात म्हटलंय की हे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलचं जुनं उमराव घराणं, या आडनावाचं स्वतःचं राजचिन्ह (कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं कुलचिन्ह) आहे, आणि आज जगात जेवढे मर्गट्रॉइड आहेत ते सगळे एकाच माणसाचे वंशज. तीन विधानं. त्यातली पहिली दोन साफ चूक, आणि तिसरं बऱ्याच अंशी खरं असू शकतं, पण का खरं असू शकतं ते लेखकाला माहीतच नाही असं दिसतं. खरी मजा नेमकी तिथेच होती आणि तीच लेखातून सुटली.

आधी कॉर्नवॉल कुठून आलं ते सांगतो. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचा 'रडिगोर' नावाचा विनोदी ऑपेरा जानेवारी १८८७ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात आला. त्यात मर्गट्रॉइड आडनावाचे शापित बॅरोनेट (वंशपरंपरेने 'सर' ही पदवी मिळालेले) आहेत, रोज एक तरी गुन्हा केला नाही तर तडफडून मरायचं असा त्यांना शाप, आणि वर तसबिरींमधून बाहेर येणारी पूर्वजांची भुतं. कथा घडते कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक गावात. म्हणजे बॅरोनेट काल्पनिक, गाव काल्पनिक, फक्त आडनाव तेवढं खरं, आणि ते इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाहून उचललेलं. मग हॅना-बार्बेराच्या कार्टूनमधला स्नॅगलपस नावाचा गुलाबी प्यूमा ऊठसूट "हेवन्स टू मर्गट्रॉइड!" म्हणायला लागला, आणि अमेरिकेत तर बऱ्याच लोकांना हे आडनाव कुणीतरी गंमत म्हणून बनवलंय असंच वाटतं.

आता खरी जागा. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा पश्चिम भाग, ज्याला वेस्ट रायडिंग म्हणायचे, तिथे हॅलिफॅक्स शहर, आणि त्याच्या पश्चिमेला काल्डर नदीच्या खोऱ्यात वॉर्ली नावाचा भाग. १३७१ मध्ये या वॉर्लीचा कॉन्स्टेबल म्हणून योहानस द मॉर्गेटरॉइड याचं नाव सापडतं. योहानस म्हणजे लॅटिनमधला जॉन, कारकून लॅटिनमध्ये लिहायचे म्हणून. आणि कॉन्स्टेबल म्हणजे आजचा पोलिस नव्हे, गावाच्या वतीने कर, पहारा, भांडणतंटे बघणारा गावातलाच एक माणूस. उमराव वगैरे काही नाही. 'रॉइड' म्हणजे त्या भागातल्या बोलीत जंगल तोडून मोकळी केलेली जमीन, आणि आधीचा भाग 'मूर गेट', म्हणजे माळाकडे जाणारा रस्ता, असं बरेच जण सांगतात, काही अभ्यासक तो मार्गारेट नावाच्या बाईशी जोडतात. त्या वादात मला पडायचं नाही. मुद्दा एवढाच की हे एका ठराविक जागेचं नाव आहे, गावाचंसुद्धा नाही, डोंगरउतारावरच्या एका वस्तीचं.

आणि हे आडनाव दुर्मिळ का राहिलं त्याचं मूळ इथेच आहे. दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी चर्चभोवती दाटीवाटीने घरं आणि बाहेर मोठमोठी सामायिक शेतं अशी गावं होती, काल्डर खोऱ्यात तसं नव्हतं. तिथे उतारावर झाडी तोडून एकेका कुटुंबाने आपापला तुकडा काढायचा, तिथेच घर बांधायचं, आणि त्या तुकड्याला पडलेलं नावच पुढे त्या घरातल्या माणसांना चिकटायचं. होलरॉइड, ॲक्रॉइड, लीरॉइड, बूथरॉइड ही सगळी त्याच पट्ट्यातली मंडळी. आता बघा, 'स्मिथ' म्हणजे लोहार, आणि लोहार इंग्लंडभर गावोगाव होते, त्यामुळे स्मिथ हे आडनाव एकाच वेळी शेकडो जागी स्वतंत्रपणे सुरू झालं, दोन स्मिथांचा एकमेकांशी काडीचा संबंध असायचं कारण नाही. हिल किंवा ग्रीनचंही तेच. पण मर्गट्रॉइड नावाची जागाच मुळात एक, तिथे राहणारं घर बहुधा एक, म्हणजे आडनावाचा उगमही एकच असण्याची शक्यता फार मोठी. सगळे एकाच बुंध्याचे असू शकतात ते यामुळे, खानदान मोठं होतं म्हणून नाही, जागा लहान होती म्हणून.

काळही लक्षात घ्या. १३४८-४९ ची प्लेगची साथ होऊन गेलेली, इंग्लंडची लोकसंख्या निम्म्याच्या आसपास आलेली, आणि उत्तरेकडच्या साध्या माणसांची आडनावं बापाकडून मुलाकडे जाण्याची पद्धत तेव्हा कुठे रुळत होती. त्याआधी बापाचं एक आणि मुलाचं दुसरंच असं सर्रास चालायचं. मग आला पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा लावली, आणि वेस्ट रायडिंगच्या १३७९ च्या याद्या चांगल्या टिकल्यात. कमीत कमी चार पेन्स, सोळा वर्षांवरच्या माणसांना, नवराबायको मिळून एकच आकडा. लोकांनी तेव्हा किती शिव्या घातल्या असतील देव जाणे (१३८१ ला तर थेट बंडच झालं), पण आज आडनावाचा माग काढणाऱ्याला त्या याद्या म्हणजे सोन्याची खाण आहे, कारण एका झटक्यात कळतं की अमुक आडनाव त्या वर्षी कुठल्या गावात होतं आणि कुठे नव्हतं. त्यानंतर १५३८ पासून आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवायची ठरली, १६६२ पासून काही वर्षं चुलीमागे कर होता त्याच्या याद्या आहेत, १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी. दुर्मिळ आडनाव असेल तर हे सगळे दुवे खरंच जोडता येतात. स्मिथ असाल तर बसा शोधत.

एवढी शतकं हे लोक त्याच खोऱ्यात का राहिले, हा प्रश्न तुमच्या लेखकाला पडायला हवा होता. उत्तर आहे कापड. हॅलिफॅक्सच्या डोंगराळ जमिनीत पीक यथातथा, पण मेंढ्या, मऊ (कमी क्षारांचं) पाणी आणि घरोघरी हातमाग, त्यामुळे थोडी शेती थोडं विणकाम करून घर चालायचं आणि सोडून जायची गरज पडायची नाही. १७२० च्या दशकात 'रॉबिन्सन क्रूसो'वाला लेखक डॅनियल डिफो तिथून गेला तेव्हा त्याने जवळजवळ प्रत्येक घरापाशी वाळत घातलेलं कापड बघितलं आणि लिहून ठेवलं. १७७९ मध्ये हॅलिफॅक्सला पीस हॉल उभा राहिला, विणकरांनी आपले कापडाचे तुकडे आणून विकायचे त्यासाठी, आणि ती इमारत आजही उभी आहे. मर्गट्रॉइडांचं म्हणाल तर त्यांच्यातला सगळ्यात मोठा माणूससुद्धा कापडवालाच, जेम्स मर्गट्रॉइड, ज्याने कीथलीजवळचा ईस्ट रिडल्सडन हॉल हा वाडा विकत घेऊन १६४० च्या दशकात नव्याने बांधला. पैसा भरपूर, आणि इंग्लंडच्या यादवीत राजाच्या बाजूचा. पुढच्या पिढ्यांनी म्हणे इतका धुडगूस घातला की लाज वाटून एअर नदीने आपलं पात्रच हॉलपासून लांब वळवलं. दंतकथा आहे अर्थात, पण छापायचंच होतं तर कॉर्नवॉलच्या भुतांपेक्षा ही छापायची होती! तो हॉल १९३४ मध्ये पाडता पाडता वाचला, आता नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

मग गिरण्या आल्या. घरचा माग बंद पडला, लोक खोऱ्यातून खाली उतरले, ब्रॅडफर्ड, कीथली, डोंगर ओलांडून लँकेशर. तरी १८८१ च्या जनगणनेवरून काढलेला या आडनावाचा नकाशा बघितलात तर सगळा भडक रंग वेस्ट रायडिंगवर आणि बाकीचं इंग्लंड जवळपास कोरं. ती जनगणना मुद्दाम सांगतोय, कारण तिच्या सगळ्या नोंदी स्वयंसेवकांनी हाताने उतरवून काढल्या, कोट्यवधी माणसांच्या, आणि १९९९ मध्ये त्या सीडीवर सगळ्यांसाठी आल्या, तेव्हापासून आडनावांचे नकाशे काढणं हा पोरखेळ झाला. त्याआधी हेन्री ब्रूम गपी नावाच्या माणसाने १८९० मध्ये हेच काम हाताने केलं होतं आणि त्याची शक्कल मला फार आवडते, त्याने डिरेक्टरीतल्या फक्त शेतकऱ्यांचीच आडनावं मोजली, का तर शेतकरी जागा सोडून हलत नाही.

पण नकाशा बघून लगेच "बघा, सगळे एकच" म्हणायचं नाही. एका भागात गर्दी आहे म्हणजे उगम एक आहे असं सिद्ध होत नाही, त्याला दुसरा पुरावा लागतो, आणि तो डीएनएने दिला. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, आडनावही तसंच जातं, म्हणजे दोन्ही जुळायला हवेत. ऑक्सफर्डचा जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स याने २००० मध्ये स्वतःचंच आडनाव तपासायला घेतलं. साइक्स म्हणजे ओढा, आणि यॉर्कशरमध्ये ओढे जागोजागी, त्यामुळे या आडनावाचे खूप उगम असणार असंच सगळे धरून चालले होते. पण तपासलेल्या ४८ साइक्सांपैकी जवळपास निम्म्यांचा वाय क्रोमोसोम एकच निघाला, आणि एकच मूळपुरुष असावा असा त्याने निष्कर्ष काढला. नंतर लेस्टर विद्यापीठात टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांवर काम केलं, २००९ मध्ये ते छापून आलं. त्यात अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात जवळपास दहातले नऊ जण एकाच गटातले, आणि स्मिथ तपासले तर रस्त्यावरून कुणालाही उचलल्यासारखा निकाल. दुर्मिळ आडनाव म्हणजे जास्त नातं, हे असं मोजून कळलं.

आता उरलेल्या साइक्सांचं काय, असं कुणी विचारेल. मूल दत्तक घेतलं, बिनलग्नाच्या आईचं आडनाव मुलाला लागलं, बायकोच्या इस्टेटीसाठी नवऱ्याने तिचं आडनाव घेतलं, किंवा सरळ बाप वेगळा. समजा दर पिढीला फक्त दोन टक्के वेळा असं झालं, तर पंचवीस पिढ्यांत साखळी साधारण चाळीस टक्के लोकांमध्ये तुटते, गुणाकार करून बघा. म्हणजे "सगळे मर्गट्रॉइड एकाच बापाचे" या वाक्यातला 'सगळे' तेवढा काढा आणि 'बहुधा बरेचसे' घाला, मग माझी तक्रार नाही.

दुसरी बाजूही आहे, जी लेखात औषधालासुद्धा नाही. ज्या घरात मुलगा झाला नाही किंवा जगला नाही तिथे आडनाव संपलं. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये हाच प्रश्न गणित म्हणून मांडला, की आडनावं किती पिढ्यांत नष्ट होतात, आणि हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने तो सोडवायला घेतला. एकाच घरापासून सुरू झालेलं आडनाव पहिल्या पाचसहा पिढ्यांतच बुडण्याची शक्यता भरपूर असते. मर्गट्रॉइडांच्या आजूबाजूच्या वस्त्यांवरून पडलेली कितीतरी आडनावं अशीच गेली असणार. हे टिकलं त्यात नशिबाचा भाग मोठा आहे, पराक्रमाचा नाही.

राजचिन्हाचं मात्र ठणकावून सांगतो कारण यात लोकांचे पैसे जातात. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह हे आडनावाला मिळतच नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांना चालतं, बस्स. हे काम बघणारी कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था १४८४ पासून आहे आणि तीच हे स्वच्छ सांगते. "तुमच्या आडनावाचं राजचिन्ह" म्हणून कप, की-चेन आणि फ्रेम विकणारे लोक एखाद्या जुन्या मर्गट्रॉइडाचं चिन्ह उचलून प्रत्येक मर्गट्रॉइडाला विकतात, आडनाव जुळलं की झालं. तुमच्या लेखासोबत छापलेलं ते रंगीत चित्र त्याच माळेतलं वाटलं मला.

आडनावं गोळा करून हसायचंच असेल तर खुशाल हसा, शफलबॉटम आणि रॅम्सबॉटम आहेतच, पण तीसुद्धा नुसती मजेशीर नाहीत, तिथला 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ, इंग्लंडच्या त्या वायव्य भागातल्या जमिनीचं वर्णन. लेखमाला पुढे चालू ठेवणार असाल तर एका पानात वीस आडनावं कोंबण्यापेक्षा एकच घ्या आणि नकाशा मोठा छापा. बूथरॉइड घ्या ना. हाउस ऑफ कॉमन्सच्या पहिल्या महिला स्पीकर बेटी बूथरॉइड, १९९२ ते २००० त्या पदावर होत्या, आणि जन्म कुठला तर ड्यूसबरी, वेस्ट रायडिंग, आईवडील दोघंही कापड गिरणीत कामाला.

आणि हो, लेखात हेच आडनाव मरगाट्रॉयड, मुर्गात्रोइड आणि मर्गटरॉईड असं तीन तऱ्हांनी छापलंय. चौदाव्या शतकातल्या कारकुनांना ते माफ होतं, तुमच्याकडे प्रूफरीडर आहे.

आपला,
एक जुना वाचक